आत्याचा उजवा कान

गेल्या महिन्यात खांदा कॉलनीतल्या एका दवाखान्यात मी माझा कान आतून पाहिला. डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची होती. तिने पेनाएवढा कॅमेरा कानात सरकवला आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक ओला, गुलाबी बोळ उघडला. बोळाच्या शेवटी कोणी गुळाचा खडा बसवून ठेवावा तसा मळ. "आजी, फार कडक झालाय हो. आत्ता ओढला तर दुखेल. थेंब देते, थोडे दिवस घाला, मऊ झाला की काढू." मग थेंब कसे घालायचे ते ती मला समजावून सांगायला लागली आणि मला हसू आवरेना. तिला वाटलं, मला गुदगुल्या होतायत. मी म्हटलं, "सांग बाळ, तू सांग, मी ऐकते." बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, कुशीवर झोपायचं, कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, थेंब कडेने सोडायचे आणि लगेच उठायचं नाही, हे सगळं मला परकर-पोलक्यात असल्यापासून पाठ आहे. ते मी आधी माझ्या कानावर शिकले आणि नंतर आत्याच्या. घरी येताना रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं की आता हे लिहून टाकायचं. आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याविषयी सांगू शकेल असं माझ्याखेरीज आता कोणी उरलेलं नाही.

आम्ही तेव्हा जुन्या पनवेलात राहायचो, भाताच्या गिरणीमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत. बाबा त्याच गिरणीत फिटर होते. गिरणीचे पट्टे सुरू झाले की शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागे, आणि बाबांचा तो गिरणीतला आवाज घरी आला तरी खाली उतरत नसे. "मीठ दे" म्हणाले तरी लांब कोणाला तरी हाळी दिल्यासारखं वाटायचं. त्यात घरात द्वारकाआत्या. ती बाबांची धाकटी बहीण आणि तिला ऐकू येत नसे. त्यामुळे आईही ओरडून बोलायची, मीही ओरडून बोलायचे. आमच्याकडे वालाचं बिरडं शिजतंय की सुकट भाजलीय हे वास जायच्या आधी आवाजानेच गल्लीला कळायचं. खालच्या मजल्यावर माझी मैत्रीण शमीम राहायची. तिची अम्मी जिन्यात भेटली की हसून म्हणायची, "नलू, आज तुमच्याकडे तांदूळ संपले वाटतं?" आईने आत्याला तांदूळ आणायला सांगितलेलं असायचं, दुसरं काय.

एवढ्या आरडाओरड्यात आत्या मात्र अतिशय हळू बोलायची. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात असा सगळ्यांचा समज असतो, पण आत्याचं उलटं होतं. तिचं बोलणं ऐकायला आपणच तिच्यापाशी वाकावं लागे. लहानपणी कळंबोलीकडच्या गावात असताना तिचा डावा कान फुटला. तो पुष्कळ दिवस वाहत राहिला. कुणा वैद्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "कान गेला." पुढे हळूहळू उजव्यानेही कमी येत गेलं आणि घरच्यांनी गृहीत धरलं की हे त्याच दुखण्याचं पुढचं पाऊल असणार. कोणी कोमट तेल सुचवलं, कोणी तेलात लसूण, कोणी कापसाचा बोळा. ते सगळं झालं. उजव्या कानात वाकून कोणी पाहिलं मात्र नाही. तिला बघायला दोनतीन ठिकाणची माणसं येऊन गेली. चहापोहे घेऊन, "मुलगी चांगली आहे हो" असं एकमेकांत बोलून उठून गेली. मग तेही थांबलं आणि बाबांनी तिला पनवेलला आणलं. ती मशीनवर शिवायची, आणि हात असा सफाईचा की शिलाई उलटून पाहिली तरी सुलटीच वाटावी. पण गिऱ्हाईक आलं की गळा केवढा, बाही केवढी हे विचारायला आईला हातातलं काम टाकून यावं लागे. आत्या मापाची पट्टी गळ्यात अडकवून बाजूला उभी राहायची, एकदा आईच्या तोंडाकडे, एकदा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत.

नववीत असताना माझ्या कानात काहीतरी बिघडायला लागलं. मला केसांच्या पिनेने कान कोरायची सवय होती. बऱ्याच मुलींना असते. एक कान बरेच दिवस जड जड वाटत होता. मग एका रविवारी न्हायले आणि पाणी शिरून दुसराही बंद झाला. जग जणू गोधडीच्या पलीकडे गेलं. माझाच श्वास मला मोठ्याने ऐकू यायचा, आणि भाकरी चावली की डोक्यात कोणी रेतीवरून चालतंय असं वाटायचं. गंमत अशी की घरात कोणाच्या ते लक्षातच आलं नाही, कारण आमच्या घरात जेवढ्या मोठ्याने बोलत तेवढं मला व्यवस्थित ऐकू येत होतं! शाळेत मी शमीमला चिकटून बसायचे. बाई काय म्हणाल्या ते ती कोपराने ढोसून सांगायची. मी कोणाला काही बोलले नाही. घरात बहिऱ्या माणसाचं काय होतं हे मी रोज डोळ्यांसमोर पाहत होते आणि ते मला माझ्या वाट्याला नको होतं. तोंडातून शब्द काढला की ते खरं होईल असं मला वाटायचं.

शमीमचे अब्बा कुवेतला होते. ते पत्रं लिहीत नसत, कॅसेट भरून पाठवत. कॅसेट आली की अम्मी साऱ्या गल्लीतल्या बायकांना बोलवायची, सांदण करायची, आणि टेपरेकॉर्डर चटईवर मधोमध ठेवून आम्ही सगळ्या भोवती बसायचो. आत्यालाही खाली यायला फार आवडे. ती ऐकत नसे, ती माणसांकडे बघत बसायची. माझे कान बंद असतानाच एक कॅसेट आली, तीत अब्बांनी काहीतरी गमतीचं सांगितलं असावं. बायका खो खो हसल्या. मला फक्त घुर्र घुर्र असा आवाज येत होता. मी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि मग हसले. हसता हसता नजर समोर गेली. समोर आत्या बसली होती. तीही नुकतीच हसायला लागली होती, इतरांच्या मागून, माझ्याबरोबर. ती एकदम थांबली. हातातली बशी तिने खाली ठेवली आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला दुसरीकडे बघावं लागलं.

वर आल्यावर तिने मला खिडकीपाशी नेलं, उजेडात. तोंडावर पदर धरला, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि काहीतरी बोलली. मी नुसती उभी राहिले. तिने पदर काढला. तिचे डोळे भरले होते. "कवापासून?" तिने विचारलं. हे मला ओठांवरून कळलं. मी रडायला लागले. ती म्हणाली, "तुजा आवाज बारीक झालाय तवाच माज्या ध्यानात यायला पायजे व्हतं. माजा आवाज असाच बारीक झालेला." मुलीचा आवाज बारीक झाल्याचं ऐकणाऱ्यांच्या घरात कुणाला कळलं नाही, ते आत्याने माझ्या गळ्याकडे, माझ्या ओठांकडे बघून ओळखलं होतं. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाबा गिरणीतून आले. आत्याने त्यांना बूटसुद्धा काढू दिले नाहीत. ती भावासमोर कधी काही मागत नसे, साडीसुद्धा नाही. पण त्या दिवशी दारातच उभी राहून, हे आईने मला नंतर सांगितलं, ती म्हणाली, "दादा, पोरीला डॉक्टरला दाखव. उद्याच."

"काय झालं?" बाबा ओरडले.

"ऐकू येत नाय तिला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाय कसं? आत्ता तर आली ना मी हाक मारल्यावर!"

"तू मारशील त्या हाकेला गिरणी पन येल," आत्या म्हणाली. आई आत हसली आणि लगेच तिने तोंडाला हात लावला. आत्या हसली नाही. "तेल नको, लसूण नको, बोळा नको. वाट बघू नको. माज्या येळी सगल्यांनी वाट बघितली." बाबा खाली बसले आणि बुटाची नाडी सोडत राहिले. खूप वेळ त्यांना ती सुटली नाही.

इनामदार डॉक्टरीणबाई बाजारात, एका कपड्यांच्या दुकानाच्या वर बसायच्या. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर गोल आरसा बांधलेल्या. आई, मी आणि आत्या अशा तिघी गेलो. बाईंनी आरशाने उजेड माझ्या कानात पाडला, हा कान पाहिला, तो पाहिला, आणि आईकडे वळून, तिने मला मागाहून सांगितलं, म्हणाल्या, "मळ आहे. दोन्हीकडे गच्च. दुसरं काही नाही." आईला ते खरंच वाटेना. "फक्त मळ?" "फक्त मळ. आणि पिना फेकून द्या घरातल्या. हिने आतला मळ आत ठोकून बसवलाय." सोडा-ग्लिसरीनच्या थेंबांची तपकिरी बाटली मिळाली आणि वर सांगण्यात आलं की आधी कान जास्तच बंद होतील, कारण मळ भिजून फुगतो, त्याला घाबरायचं नाही. तसंच झालं. मधे एकदोन दिवस मला बाबांचंही ऐकू येईनासं झालं. पण नंतर पुन्हा तिघी गेलो तेव्हा बाईंनी पितळी पिचकारीने कोमट पाणी सोडलं, कानाखाली धरलेल्या ताटलीत काहीतरी टपकन पडलं, आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या टांग्याची घंटा सरळ माझ्या डोक्यात वाजली. मी उडालेच. आईने मला पोटाशी धरलं. तिच्या बांगड्यांचा आवाज मी कधी एवढा ऐकला नव्हता.

आत्या कोपऱ्यात उभी होती. माझा चेहरा बघून ती इतकी हसत होती की तिला काही विचारलं जातंय हेही कळलं नाही. डॉक्टरीणबाई तिलाच विचारत होत्या, "तुमचं काय?" आई म्हणाली, "त्यांचा कान लहानपणीच गेला." "कुठला?" बाईंनी विचारलं. आईने आत्याकडे पाहिलं. मला अजून तो क्षण आठवतो. इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलाच नव्हता. बाईंनी आत्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं. डावा कान बराच वेळ पाहिला. "पडद्याला भोक आहे. या कानात थेंब नाही, पाणी नाही, तेल तर मुळीच नाही." मग उजवा पाहिला. आरसा वर सरकवला, पुन्हा खाली घेतला, पुन्हा पाहिलं. "इथे नुसता मळच मळ आहे," त्या म्हणाल्या. "त्यामागे काय आहे ते मला आत्ता सांगता येणार नाही. कदाचित काही नसेल. पण बघायला हवं."

घरी आल्यावर आत्या नको म्हणाली. "माजं आता काय करायचं हाय? पोरीचं झालं, बास." मी तिच्यासमोर बसून ओठ नीट हलवत सांगितलं, "आत्या, तू बाबांना काय म्हणालीस? वाट बघू नको." तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग ती स्वतःच चटई घेऊन आली.

दुपारची जेवणं झाली, भांडी घासून झाली की आमचा तो कार्यक्रम सुरू व्हायचा. आई आधी आत्याच्या डाव्या पाळीला काजळाचं बोट लावायची, म्हणजे माझ्या हातून चुकून तिकडे थेंब जायला नको. आत्या डाव्या कुशीवर निजायची. मी बाटली मुठीत धरून बसायचे, ती कोमट झाली की पाळी ओढून थेंब सोडायचे. आत्या डोळे मिटून घ्यायची. थेंब आत उतरताना तिच्या भुवया किंचित वर जायच्या. उठायचं नसे, म्हणून मी तिच्या केसांतून बोटं फिरवत बसायचे. गिरणीच्या धडधडीने फरशी हलायची आणि तिच्या गालाखाली ठेवलेला तळहातही हलायचा. आज वाटतं, त्या दुपारी मला जेवढ्या मिळाल्या तेवढ्या थोड्याच लोकांना मिळत असतील. मोठं माणूस आपल्यापुढे असं कान उघडा टाकून निजतं, आपल्या हातावर विसंबून, हे चौदा वर्षांच्या मुलीला फार मोठं करून जातं.

मग आत्याचा कान पूर्ण बंद झाला. आधी बाबांचं ओरडणं तरी तिला पोचायचं, तेही थांबलं. एका सकाळी मशीनवर बसली होती ती एकदम उठली आणि दोन्ही हातांनी डोकं धरून भिंतीला टेकली. बाबा घरीच होते. त्यांनी तिच्या तोंडासमोर जाऊन हाक मारली, तिने मान हलवून नाही म्हटलं. बाबांचा चेहरा उतरला. "व्हतं ते पन गेलं," ते आईला म्हणाले, "बंद करा हे. टाका ती बाटली." त्यांनी फळीवरून बाटली उचललीही. मी त्यांच्या हाताला लोंबकळले. "बाबा, माझंपण असंच झालं होतं! फुगतं ते! बाईंनी सांगितलंय!" "तुजं येगळं," बाबा म्हणाले, "तिचं वय बघ, तिच्या कानात किती वर्सांचं..." त्यांनी बहिणीला गावाहून आणलं होतं ते सांभाळायला, आणि आपल्या घरात तिचं उरलंसुरलंही गेलं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आत्या भिंतीला टेकून आमच्याकडे पाहत होती. तिला एक शब्द ऐकू येत नव्हता, पण तिला सगळं कळलं होतं. ती माझ्यासमोर आली. "तुला असंच झालेलं?" मी मान डोलावली. "भ्या वाटलेलं?" मी पुन्हा मान डोलावली. "मंग?" मी माझ्या कानाला हात लावला आणि हसले. आत्याने बाबांच्या हातातून बाटली काढून घेतली आणि माझ्या मुठीत दिली.

दवाखान्यात पुढे जे झालं ते एका बैठकीत झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा थोडं काढलं, पुन्हा थेंब घालायला लावले, पुन्हा बोलावलं. शेवटच्या खेपेला बाबाही सुट्टी काढून आले आणि दारात उभे राहिले, आत यायची त्यांची हिंमत होईना. डाव्या कानात पाणी जाऊ नये म्हणून बाईंनी आत्याला मान कशी धरायची ते दाखवलं आणि सावकाश, अगदी बेताने, पिचकारी दाबली. एकदा. दोनदा. मग चिंचोक्यासारखा काळा, चकचकीत खडा ताटलीत पडला, त्याच्या पोटात जुन्या कापसाचा पिवळा धागा अडकलेला. आत्या खुर्चीत ताठ झाली. बाईंनी आत पाहिलं. "पडदा शाबूत आहे," त्या म्हणाल्या. मग त्या आत्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, जिथून तोंड दिसणार नाही, आणि घरात मुलाला विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "द्वारकाबाई, दुखलं का?"

"नाय," आत्या म्हणाली. आणि मग आपणच काय उत्तर दिलं ते कळून तिने तोंडावर हात ठेवला.

जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो तर तिने माझा दंड घट्ट पकडला. एसटीचा भोंगा, गोळेवाल्याचं बर्फ किसणं, दुकानात कापड टरकन फाडल्याचा आवाज. "हे एवडं सगलं रोज चालू असतं?" तिने विचारलं. घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली तेव्हा ती दचकून स्वयंपाकघराबाहेर पळाली. कुकर आमच्याकडे आला तेव्हा तिचे कान बंद झालेले होते. शिट्टी झाली की झाकणावरचं वजन उडतं एवढंच तिला माहीत होतं, ते ओरडतं हे नव्हे. आई आणि ती पोट धरधरून हसल्या. बाबा अजून बूट घालूनच बसले होते. ते उठले, आत्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. मी बाबांना कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांना तो आवाज शोधावा लागला, घसा दोनदा खाकरावा लागला. "द्वारके," ते म्हणाले, "चा घेनार?" आत्या मागे न वळता म्हणाली, "घेईन की." बाबा तसेच खिडकीकडे गेले आणि गिरणीकडे तोंड करून उभे राहिले. चहा गार झाला तरी कोणी त्यांना हाक मारली नाही.

तिचा डावा कान गेला तो गेलाच. उजव्यानेही सगळं नीट येई असं नाही. गर्दीत तिची तारांबळ उडायची, आणि तिच्याशी बोलायचं तर आम्हाला तिच्या उजवीकडे जावं लागे. ऐकू येतं ते सगळं चांगलंच असतं असंही नाही. वर्षानुवर्षं तिच्यासमोर लोक तिच्याविषयी बिनधास्त बोलत आले होते, तसेच अजून बोलत, आणि आता ते तिला कळायचं. एकदा एक गिऱ्हाईक आईला म्हणालं, "बिचारीचं पुढं कसं होणार?" आत्या मापं घेत होती. मान वर न करता तिने विचारलं, "गला गोल करू का चौकोनी?" त्या दिवसापासून आईला मधे यावं लागलं नाही. पुढे आत्याने एक खोली घेतली, मशिनं वाढवली, हाताखाली मुली ठेवल्या. लग्न मात्र तिने केलं नाही. विचारणारे नंतर पुष्कळ आले. बाबा ओरडत ते ओरडतच राहिले, फक्त तिच्याशी बोलताना घसा खाकरून आवाज खाली आणायचे.

डॉक्टरीणबाई नंतर मुलाकडे परगावी गेल्या. त्यांना मी नीट आभाराचं काही बोलले नव्हते, त्या वयात सुचत नाही. आज इथे म्हणते. कुठला कान, एवढंच त्यांनी विचारलं आणि आमचं घर बदललं. आणि आत्याचे आभार तर मी कशाचे मानू? तिने माझं हसणं ओळखलं नसतं तर मीही पुष्कळ वर्षं माणसांच्या मागून हसत राहिले असते.

माझं लग्न पनवेललाच झालं. मांडवात सनई, बायकांचा गलका, बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर. मला आतल्या खोलीत बसवलं होतं. भोवती मामी, काकू, शमीम, तिची अम्मी, कोणी गजरा लावतंय, कोणी निऱ्या धरतंय. नवरा मुलगा मी दोनदाच पाहिला होता आणि मला काय वाटतं हे त्या धांदलीत कोणी विचारलं नव्हतं, विचारायची पद्धतही नव्हती. आत्या पोलक्याची सैल झालेली हुकपट्टी शिवायला माझ्यामागे बसली होती. सुईने टाका घालता घालता ती पुढे झुकली आणि तिच्या त्या बारीक आवाजात, इतर कोणाच्या कानी जाणार नाही असं, म्हणाली, "खरं सांग. आवडला ना तुला?"

मी मान वळवली. तिचा उजवा कान अगदी माझ्या ओठांशी होता. "आवडला," मी म्हटलं, जेवढं हळू म्हणता येईल तेवढं हळू.

आत्याने दोरा दाताने तोडला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला पुन्हा सांगावं लागलं नाही.